पहिल्या रकान्यात गळू

दि. ३ एप्रिल १९७७

ति. अक्कास,
नरसिंगचा शि. सा. नमस्कार. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘हा सुई टोचत नाही, मलमपट्टी करत नाही, मग सरकार याला पगार कशाचा देतं?’ असं दाजी विचारतात म्हणून लिहिलंस. त्यांना सांग, तुमचा मेहुणा आजारांना नंबर देतो. हसू नका. नागपूरला पाठवून शिकवलंय मला ते. जगातल्या सगळ्या आजारांचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात हगवणीपासून विंचूदंशापर्यंत प्रत्येकाला नंबर आहे. माणूस दवाखान्यात भरती होतो, बरा होऊन किंवा खांद्यावरून बाहेर जातो, आणि त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर येतो.

आता गंमत ऐक. माणसाला एक आजार असला तर कारकुनाची गरजच काय! पण आपल्याकडचा माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो तीन-चार आजार साठल्यावर. अंगात रक्त नाही, पोटात जंत, वरून न्युमोनिया. डॉक्टरसाहेब सगळं कागदावर लिहितात, कोंबडीनं उकिरडा उकरावा तशा अक्षरात. त्यातून मी एकच निवडायचा. ज्या आजारापायी त्या माणसाला खाट धरावी लागली, तो पहिल्या रकान्यात. बाकीचे दुसऱ्या रकान्यात. आणि जिल्ह्याच्या ऑफिसात परभणीला जातो तो फक्त पहिला रकाना. लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव छापतात, वऱ्हाड्यांचं कोण छापतं? तसंच हे.

नियम चांगला आहे. पण एका आजाराच्या बाबतीत तो मला खातोय. तो आजार म्हणजे नारू.

अक्का, आबांचा पाय आठवतो ना? सकाळच्या उन्हात बसायचे, घोट्यातून निघालेला तो पांढरा दोरा काडीला गुंडाळायचे, आणि आपण दोघं तोंड फिरवून उभे. मग एकदा तो तुटला, गुडघा सुजला, आणि आबा जन्माचे लंगडे झाले. नारू झाला म्हणून ते दवाखान्यात गेले होते का? कोणीच जात नाही. घरीच काडी, घरीच बिब्बा. दवाखान्यात येतात ते आत तुटून पू झाल्यावर, नाहीतर धनुर्वातानं दातखिळी बसल्यावर. मग पहिल्या रकान्यात काय जातं? गळू. किंवा धनुर्वात. नारू दुसऱ्या रकान्यात, वऱ्हाड्यांत. म्हणजे कागदावर बघशील तर आपल्या तालुक्यात नारू औषधालासुद्धा नाही.

आणि परवा परभणीहून परिपत्रक आलंय, की ज्या गावचे नारूचे रोगी दवाखान्यात भरती झाल्याची नोंद असेल, त्या गावांना आधी बोअर पाडून देणार. मी डॉक्टरसाहेबांशी भांडायचं ठरवलंय. आता पायाचा पहिला गळू येईल त्याला मी सोडणार नाही. त्याच्या पोटातला नारू ओढून पहिल्या रकान्यात बसवीन. तू म्हणशील, लहानपणापासून हा असाच हट्टी. असू दे.

तुझी चांगुणा सासरी रमली का? कळव.

तुझा,
नरसिंग


कान्हेवाडी, दि. २४ एप्रिल १९७७

चि. नरसिंगास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. म्हणाले, “पुस्तकात बघून सांग म्हणावं, मेहुण्याच्या बडबडीला कोणता नंबर हाय.” मी हसले. पण ती परवाची गोष्ट. आज हसू येत नाही.

काल चांगुणाच्या सासरहून, बेलगव्हाणहून माणूस आला. तिचा पाय सुजलाय. गुडघ्याखाली टच्च फुगलाय आणि ताप आहे. आधी फोड आला होता, त्यातून दोऱ्यासारखं काही निघालं. सासूनं काडीला लावलं, पोरगी पाणी आणायला उठली आणि ते तुटलं. माणूस एवढंच सांगून गेला. नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पण मला काय सांगायचं? मी सोनाजी आबांची लेक आहे.

नरसिंग, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. सोयरीक जमवताना तिच्या सासऱ्यांनी, व्यंकटरावांनी विचारलं होतं, “पोरीचा आजा लंगडा व्हता म्हनं, काहून?” मी म्हणाले, बैलगाडीवरून पडले. दाजी खाली मान घालून बसले. दुसरं काय करू? नारूचं घराणं म्हटल्यावर कुरुंद्याकडचं हळद पिकवणारं घर कोण देतंय आपल्याला! लोक म्हणतात, हे रक्तात येतं. तू म्हणतोस पाण्यातून येतं. येत असेल. आमच्या गावात दुष्काळी कामावर नवी विहीर झाली, दोरानं पाणी काढतो, तेव्हापासून कोणाला निघाला नाही हेही खरं. पण लग्नाआधी पोरगी शेतात निंदायला जायची, तिथं जुनी बारव आहे. प्यायली असेल त्या पायऱ्यांवर बसून. मग दोष आपलाच ना?

ते तिला तुझ्याच दवाखान्यात आणणार आहेत. माझं एवढंच मागणं आहे. तुझ्या त्या पहिल्या रकान्यात आपल्या पोरीचा नारू बसवू नकोस. तुझं भांडण पुढच्या माणसापासून सुरू कर. कागदावर नाव चढलं की चार तोंडी होईल, आणि मग ते म्हणतील, फसवून पोरगी दिली, घेऊन जा. आता कुठे लग्नाला वर्ष होतंय. भरल्या घरातून लेक परत आली तर मी कोणत्या तोंडानं दारात उभी राहू?

तू तिचा मामा आहेस. कारकून नंतर.

अक्का


दि. ११ मे १९७७

ति. अक्कास,
नरसिंगचा नमस्कार.

चांगुणा आता बरी आहे, हे आधी वाच आणि मग पाणी पी. डॉक्टरसाहेबांनी पाय चिरला, पू काढला, ताप उतरला. पोरगी धीराची. चिरताना नर्स नर्मदाबाईंचा हात धरला होता, आता त्यांच्याच हाताला वळ उठलेत. गुडघा अजून सरळ होत नाही. डॉक्टरसाहेब म्हणतात, चालायला लागली की होईल.

आता व्यंकटरावांबद्दल सांगतो. फेटा, उंच माणूस, खाटेजवळ उभा राहिला की वॉर्ड लहान वाटतो. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता सुरू होणार. तर हात जोडले मला! म्हणाले, “मामासाहेब, लेकराच्या पायाचं काय लिवायचं ते लिवा, पन त्यो एक शबुद नगं. लेकराची बदनामी व्हईल. झालं गेलं, आमाला तकलीफ न्हाई. आमच्या गावात नारू नावाला न्हाई, आमाला त्यातलं काई समजतबी न्हाई.”

अक्का, आपण इकडे जीव मुठीत धरून बसलोय आणि हा माणूस आपल्या लेकीची अब्रू झाकायला माझ्यापुढे हात जोडतोय. त्यांना सगळं कळलंय आणि तरी ते गप्प आहेत. फार मोठ्या मनाचा व्याही मिळालाय तुला.

मग केसपेपर माझ्या टेबलावर आला. साहेबांनी लिहिलं होतं: पायाचा गळू, नारू तुटल्यामुळे. मी पुस्तक उघडलं. नियमात बसवायचं म्हटलं तर अगदी बराबर बसतं. खाट धरली ती गळूपायी, चिरला तो गळू. पहिल्या रकान्यात गळू लिहिला. कोणीही तपासायला आलं तरी माझी चूक निघणार नाही. गेल्या महिन्यात याच नियमाला मी तुझ्याजवळ शिव्या घातल्या होत्या, आणि आता तोच माझ्या उपयोगी पडला. बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

पण तुझी लेक तुझ्या व्याह्याच्या घरी परत जाणार. ते महत्त्वाचं.

नरसिंग


कान्हेवाडी, दि. २९ जून १९७७

चि. नरसिंगास आशीर्वाद.

तुझं पत्र मी देवापुढे ठेवलं. पोरगी सासरी पोचली. व्यंकटरावांनी एका शब्दानं विचारलं नाही, उलट बैलगाडीतून हळकुंडांची गोणी पाठवली. दाजी म्हणाले, “असा इवाई दिवा घेऊन हुडकला तरी न्हाई घावायचा.” मी गावभर हळद वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, आमच्या व्याह्यांच्या घरची.

आखाडात पोरीला आणावं म्हणून दाजी गेले होते. पाठवली नाही. पाय दुखतो, एसटीत बसवणार नाही म्हणाले. आमचाही आग्रह चालेना, आपलाच हात दगडाखाली. दाजी सांगत होते, पोरगी दाराशी उभी होती. एक पाय वाकडा करून. म्हणाली, “मामाला माझा नमस्कार सांगा, आन् विचारा का पुस्तकात माझं नाव कोन्त्या आजाराखाली लिवलं.” दाजी म्हणाले, गळू. तर ती तशीच आत गेली.

असं काहून विचारलं असेल तिनं? मला वाटतं तिलाही भीती असेल. तू तिला एक कार्ड टाक, काळजी करू नको म्हणून.

अक्का


दि. १० मार्च १९७८

ति. अक्कास,
नमस्कार.

बरेच दिवस पत्र नाही टाकलं. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आता आहे ते सांगवत नाही.

बोअरच्या गावांची यादी आली. आपल्या तालुक्यातलं एकही गाव त्यात नाही. परभणीचे साहेब आले होते, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, “तुमच्या तालुक्यात नारू शून्य. शाब्बास.” अक्का, शाब्बासकीनं एवढं तोंड कडू होतं हे मला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट. सोमवारी एक तरुण गडी आला. दातखिळी बसलेली, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. धनुर्वात. बुधवारी गेला. त्याच्या टाचेवर जुनं फडकं होतं. नर्मदाबाईंनी ते सोडलं तर आत शेण-राखेचा लेप आणि त्यात अडकलेली काडी, दोरा गुंडाळलेली. मी त्याच्या भावाला विचारलं, नारू होता का? भाऊ म्हणाला, “न्हाई जी. काटा मोडला व्हता.” मी काडी दाखवली. तरी म्हणाला, “काटाच.” आणि रडायला लागला. मी पहिल्या रकान्यात धनुर्वात लिहिला. तो खराच होता, त्यात बदल करायला मला तोंड नव्हतं.

मग गावाचं नाव लिहायला विचारलं. बेलगव्हाण.

व्यंकटराव म्हणाले होते, आमच्या गावात नारू नावाला नाही. मग हा काय कान्हेवाडीच्या बारवेवर पाणी प्यायला आला होता? आणि डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात लिहिलंय की पाणी प्याल्यापासून नारू बाहेर पडायला वर्षभर लागतं. मी ते मागच्या वर्षीच वाचलं होतं. चांगुणाला नारू निघाला तेव्हा तिच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, म्हणजे ते पाणी सासरचंच. एवढं साधं गणित मी मांडलं नाही. बारवेचा दोष आपला म्हणालीस आणि मी मान डोलावली. आपल्याला लाज वाटायची इतकी सवय आहे की दुसऱ्याची लाजही आपणच उचलून घरी आणतो.

तू बाळंतपणासाठी पोरीला आणायला जाणारच आहेस. डोळे उघडे ठेवून जा. आणि गावाचं पाणी कुठून येतं ते बघ.

नरसिंग


कान्हेवाडी, दि. ९ एप्रिल १९७८

चि. नरसिंगास आशीर्वाद.

जाऊन आले. पोरीला आणता आलं नाही. का ते सांगते. तीन दिवस झाले, आज लिहायला बसले.

वारंगा फाट्यावर एसटी बदलली, पुढे चालत गेले. गावात शिरले तर ओट्याओट्यावर माणसं बसलेली. हळद शिजवायचे दिवस, कढया पेटायच्या, रानात माणूस पुरत नाही असा काळ, आणि धडधाकट गडी ओट्यावर पाय पसरून. जवळ गेले आणि बघितलं. कोणाच्या घोट्याला काडी, कोणाच्या पोटरीला. मला बघून पटापट धोतरं खाली ओढली. नरसिंग, मला आबा आठवले.

गावाला एक मोठी बारव. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहतात आणि घागर बुडवतात. काडी लावलेल्या पायांनी. माझी लेकही त्यातच उतरत होती. पाय अजून वाकलेला आहे तिचा, गुडघा आखडलेलाच राहिलाय. आबांसारखा. त्याच पायानं, सहाव्या महिन्याचं पोट घेऊन, भिंतीला हात लावत ती उतरत होती. आणि दुसऱ्या पायाच्या घोट्यावर नवा फोड आहे.

घरी गेले. व्यंकटराव ओट्यावर होते. मी रीतभात सगळी गुंडाळून ठेवली. मीच म्हणाले, “इवाईबुवा, तुमच्या गावात नारू नावाला न्हाई ना?”

त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, “ईनबाई, आत चला. रस्त्यावर नगं.”

“काहून? रस्त्यावर तर सगळेच बसलेत.”

मग ते बोलले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “तुमी पोरगी दिली असती का आमच्या गावात, खरं सांगितलं असतं तर? कोनीबी देत न्हाई. नारूच्या गावात लेक देऊ नये म्हनतात. थोरल्याचं लगीन तुमच्यामुळं झालं. धाकट्याची सोयरीक आता जमून राहिली. आमी तुमाला फसवलं, व्हय. पन तुमीबी आजा गाडीवरून पडला म्हनला व्हता.”

आबांचं त्यांनाही माहीत होतं! नरसिंग, तुझ्यापुढे त्यांनी हात जोडले ते आपल्या लेकीसाठी नव्हते, धाकट्याच्या सोयरिकीसाठी होते. आपण त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आपल्यापासून, आणि दोघांची लपवायची वस्तू एकच. मधल्यामध्ये माझ्या लेकीचा पाय गेला. मी त्या माणसाची हळद गावभर वाटली रे!

अजून एक सांगते. पोरगी मला घेऊन गावाबाहेर बौद्धवाड्यात गेली. तिथं कमलबाई म्हणून आहेत, बालवाडीसारखी पोरं सांभाळतात, वयानं माझ्याएवढ्या. चांगुणा त्यांच्याशी चोरून बोलते. त्या लोकांना बारवेवर कोणी उतरू देत नाही, म्हणून त्यांनी बापजाद्यापासून आपला आड खणलाय. खोल, पायऱ्या नाहीत, कठडा उंच, दोर आणि पोहरा. कमलबाई म्हणाल्या, “आमच्या वाड्यात एकालाबी न्हाई निघाला कधी. आमी सांगितलं व्हतं गावाला, दोरानं पाणी काढा, नाहीतर आमच्या आडाचं न्या. म्हनले, तुमचं पाणी पिऊन बाटायचं का? मग बसा म्हनलं काडी गुंडाळत.” हसल्या, पण बरं हसल्या नाहीत. मला पाणी दिलं. मी प्याले. दाजींना अजून सांगितलं नाही. सांगणार आहे.

पोरीला चल म्हणाले. नाही म्हणाली. म्हणाली, “आई, मी आले तर माझा पाय बघून तुमच्या गावात बोलतील, आन् पुन्ना झाकाझाकी. मामाला विचार, आता पुस्तकात खरं लिवायला काय लागंल?”

तेच विचारते. काय लागेल, सांग.

अक्का


दि. १५ एप्रिल १९७८

ति. अक्कास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तुझी हळद, माझी मोठ्या मनाची स्तुती. जाऊ दे. रडायला पुढे वेळ आहे.

मागचं खोडता येत नाही. ते परभणीत बेरजेत मिसळलं. पुढचं सांगतो. मी डॉक्टरसाहेबांपाशी गेलो आणि चांगुणाचं सगळं सांगितलं, माझं वागणंसुद्धा. साहेब चिडले. म्हणाले, “मी नारू लिहिला होता. तू कुठे टाकलास ते मी बघितलं नाही, ही माझी चूक.” मग म्हणाले, “पण नियम मोडून धनुर्वातावर नारू चढवू नकोस. खोट्यावर उतारा म्हणून दुसरं खोटं नको.”

मग उपाय एकच उरतो, आणि तो नियमातच आहे. माणसं पू व्हायच्या आधी आली पाहिजेत. गळू नाही, ताप नाही, धनुर्वात नाही. नारू बाहेर पडतोय आणि पाय टेकवत नाही, एवढंच. साहेब म्हणाले, ज्याला चालता येत नाही त्याला मी भरती करून घेतो, वॉर्डात खाली सतरंज्या टाकू, ओली पट्टी ठेवून इथेच नीट काढू. अशा माणसाच्या केसपेपरवर लिहायला दुसरा आजारच नसेल. मग पहिल्या रकान्यात मी काय, ब्रह्मदेव आला तरी नारूच लिहावा लागेल. आणि गाव म्हणून बेलगव्हाण.

पण अक्का, येतील का? इथं ओसरीवर दहा गावची माणसं असतात. बेलगव्हाणचे नारूवाले म्हणून एकदा बोभाटा झाला की धाकट्याची सोयरीक मोडली समज. त्या गावच्या सगळ्याच पोरांच्या. मी कारकून, मला लिहायला काय जातं? तुटायचं ते त्यांचं आहे. म्हणून मी त्यांना या म्हणू शकत नाही. एवढंच कळव, की आले तर दार उघडं आहे.

चांगुणाला उतरू देऊ नकोस त्या पाण्यात.

नरसिंग


दि. ७ मे १९७८

ति. अक्कास,
नरसिंगचा साष्टांग नमस्कार.

तुला सगळं दिसलं असेल, बेलगव्हाणची नारूची माणसं घेऊन आलेल्या गाडीबरोबर तूच होतीस. पण दवाखान्याच्या फाटकाशी तुला भोवळ आली आणि नर्मदाबाईंनी तुला आत नेऊन निजवलं. त्यानंतरचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. इथून निघताना तू घाईत होतीस.

व्यंकटरावांनी आपली गाडी दिली नाही हे तू सांगितलंस. कमलबाईंच्या लेकानं त्यांची गाडी जुंपली. त्या गाडीत बारवेवरची माणसं बसली, एकमेकांना खेटून. त्यांच्या पायांना लावलेल्या काड्या बघून ओसरीवरचे लोक कुजबुजले. मी टेबल बाहेरच घेतलं. कोणीतरी म्हणालं, “कोन्त्या गावचे?” गाडीतल्यांनी पाय आत ओढून घेतले. सगळे खाली बघत. मला वाटलं, आता गाडी माघारी वळणार.

तेव्हा तुझ्या विहीणबाई, पार्वतीबाई, उतरल्या. एक पाय उचलूनच. धाकट्याची आई ती. टेबलाचा काठ धरून उभ्या राहिल्या. मी नेहमीचं विचारलं, “काय होतंय?” त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पार फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “नारू. बेलगव्हाणचा नारू. लग्न होऊन आले तवापासून चौथ्यांदा निघून राहिला. लिवा बराबर.”

मी लिहिलं. मग एकेक जण उतरला आणि प्रत्येकानं गावाचं नाव घेतलं, कोणी जोरात, कोणी पुटपुटत. डॉक्टरसाहेबांनी तपासलं. कोणालाही दुसरा आजार नाही. वॉर्डात चालायला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं व्यंकटराव आले. ओसरीच्या खांबाला टेकून उभे. फेटा हातात. मला म्हणाले, “धाकट्याची सोयरीक मोडली. निरोप आलाय.” मी म्हणालो, बसा. ते बसले नाहीत, पार्वतीबाईंच्या सतरंजीपाशी गेले आणि तिथं खाली टेकले. त्या रात्री घरीही गेले नाहीत.

आदल्या दिवशी गाडीतून उतरायची चांगुणा सगळ्यात शेवटी राहिली होती. तिला मीच उतरवली. अक्का, लहानपणी तिला जत्रेत खांद्यावर घ्यायचो, आता पोटातल्या लेकरासकट उचलली तरी तेवढीच हलकी. टेबलापाशी बसवली. तिचाही नवा नारू अजून तुटला नव्हता. पू नाही, ताप नाही. मी पहिल्या रकान्यात नारू लिहिला आणि वही तिच्यापुढे फिरवली. तिला चौथीपर्यंतचं वाचता येतं. बोट ठेवून तिनं वाचलं.

मग तो आखडलेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून तिनं नीट ठेवला आणि विचारलं, “मामा, मागल्या साली काय लिवलं व्हतं?”

मी म्हणालो, गळू.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हणाली, “गळू तर बरा झाला, मामा. पाय न्हाई झाला.”

बोअर येईल की नाही मला माहीत नाही. या वेळचा पहिला रकाना मी स्वतः परभणीला नेऊन देणार आहे. पोरीचं बाळंतपण तुझ्याकडे व्हावं असं डॉक्टरसाहेबही म्हणतात, आणि या वेळी व्यंकटराव पाठवायला तयार आहेत. ती येईल तेव्हा कोणी पायाचं विचारलं तर बैलगाडीवरून पडली म्हणू नकोस.

तुझा,
नरसिंग